सुनंदाताई, पाठ वरच होती

ताई, तू सांगितलेलं मी ऐकलं नाही.

हॉस्पिटलमध्ये त्या दुपारी तू मला विचारलंस, "विलास, ती पेटी तुझ्याकडेच आहे ना अजून?" तुझी स्लाइडची लाकडी पेटी. मी हो म्हणालो. "बुरशी धरली असेल," तू म्हणालीस. मी म्हणालो, "नाही, दरवर्षी सिलिका जेल बदलतो." तेव्हा तू हसलीस. हसताना दुखत होतं, तरी हसलीस. "पाप सुकं ठेवतोस म्हण की!"

मग डोळे मिटून म्हणालीस, "सरांना आता काही करू नकोस. म्हातारे झालेत. आणि तुझीही पोरं आहेत कॉलेजात." मी मान हलवली. तुला तो होकार वाटला. तो होकार नव्हता. तुझ्याशी खोटं वागण्याची ती माझी शेवटची वेळ.

तुला जाऊन सतरा दिवस झाले. लोक तुझ्याबद्दल चांगलं बोलताहेत आणि एकेका चांगल्या शब्दाने माझं डोकं फिरतंय. किती सोसलं बाईनं. कधी कुणाबद्दल वाकडा शब्द काढला नाही. हो, सोसलं. पण सोसायला लावलं कुणी, हे एकही माणूस विचारत नाही. मी सांगतो. एक सर, आणि दुसरा मी.

बावीस वर्षांपूर्वी आपण दोघं नाशिकच्या त्या कॉलेजात प्राणिशास्त्राचे संशोधक विद्यार्थी होतो, एकाच सरांकडे. तू माझ्या दोन वर्षं पुढे. तुमचं घर मखमलाबादकडचं, गुलाब आणि झेंडूचं. सकाळी आई आणि धाकटा भाऊ रमेश यांच्याबरोबर फुलं तोडून, बांधून तू दहाला लॅबमध्ये हजर असायचीस, आणि तुझ्या बोटांना झेंडूचा वास असायचा. त्या बोटांनी तू कोंबडीच्या अंड्यातला दीड दिवसाचा गर्भ बलकावरून उचलायचीस. सायीच्या तुकड्याएवढा तो जीव माझ्या हातून फाटायचा, दुमडायचा. तुझ्या हातून कधीच नाही. सर पाहुण्यांना सांगायचे, "या आमच्या फुलवाल्या बाई. ओवायचं काम छान करतात." पाहुणे हसायचे. तू म्हणायचीस, "ओवायला सुई टोकदार लागते, सर. तुमचे चिमटे बोथट झालेत, आधी ते बदला." पाहुणे आणखी हसायचे. सर हसायचे नाहीत.

पहिल्या दिवशी तू माझ्यासमोर अंडं आडवं ठेवलंस.

"रुंद टोक डावीकडे कर. आता न फोडता सांग, डोकं कुठंय?"

"आत बघितल्याशिवाय कसं सांगू?"

"तुझ्यापासून लांब. शेपटी तुझ्याकडे. फोड."

फोडलं. तसंच होतं. मला जादू वाटली. तू म्हणालीस, "जादू कसली? अंडं कोंबडीच्या पोटात तासन्‌तास गोल फिरत असतं. बलक कललेला राहतो. त्याच्यावरच्या पेशींच्या चकतीचा जो काठ वर राहील तिकडे शेपटी, खालच्या काठाला डोकं. पिल्लाला कुणी विचारत नाही." आणि मग हळूच म्हणालीस, "अधूनमधून एखादं ऐकत नाही. भलतीकडेच डोकं काढतं. मला ते आवडतं."

डोकं-शेपटी ठरली, पाठ-पोट ठरलं, की डावं-उजवं आपसूक ठरत असेल, असं मला वाटायचं. तुला ते पटायचं नाही. आपसूक काही ठरत नसतं, खरी गंमत तिथेच आहे, म्हणायचीस. बाहेरून दोन्ही बाजू सारख्या. पण गर्भाच्या मध्यावर एक बारीक गाठ असते, तिच्याभोवती पेशी डावीकडे सरकतात, डाव्या बाजूला एक रासायनिक संदेश जागा होतो, आणि त्या जोरावर हृदयाची सरळ नळी उजवीकडे फुगून वळते. मोठेपणी हृदय डावीकडे झुकतं ती पुढची गोष्ट. पहिलं वळण उजवीकडे. मासा, बेडूक, कोंबडी, माणूस, सगळ्यांत संदेश तोच आणि बाजूही तीच. इतक्या युगांत कुणी ती बदलली नाही.

"आणि गोगलगाय?" मी तुला चिडवायला विचारायचो. उजवीकडे वळणाऱ्या शंखाच्या गोगलगायीत तोच संदेश उजव्या बाजूला जागा होतो, हे मी नुकतंच वाचलं होतं. एकदा त्यावर तू प्रॅक्टिकलच्या ट्रेमधलं मेलेलं झुरळ उचललंस आणि उताणं टाकलंस.

"याचा मज्जारज्जू कुठल्या बाजूला?"

"पोटाकडे."

"आणि आपला? पाठीकडे. म्हणजे कुठेतरी मागे आपल्या पूर्वजांचं शरीर पालटलं. आता सांग, पालटल्यावर डाव्या-उजव्याचं काय होतं?"

"अदलाबदल."

"झालं तर. गोगलगायीची उजवी तीच आपली डावी. भांडण मिटलं."

"म्हणजे कुणी एक पूर्वज एक दिवस उताणा झाला आणि तसाच चालायला लागला?"

"का नाही? आपले सर नाही का चालत?"

मला ते पटत नव्हतं. शरीर पालटलं नसेल, नुसती तोंडाची जागा सरकली असेल, असं माझं म्हणणं. वर्षभर आपण भांडलो. तू गेलीस, भांडण तसंच राहिलं. आता मला तुझं म्हणणं पटायला लागलंय आणि ते सांगायला कुणी नाही.

पण हे मी एवढं लांबण लावून का सांगतोय? पालटलं की डावं-उजवं बदलतं, हे मला तू शिकवलंस. झुरळ हातात धरून शिकवलंस. आणि पाठ-पोट कळत नाही असा शिक्का मारून सरांनी तुलाच घरी पाठवलं.

त्या दिवसांत लोडशेडिंग होतं. वीज गेली की अंडी उबवायचा इन्क्युबेटर थंड पडायचा. आम्ही सगळे वैतागायचो आणि विसरायचो. तू भिंतीवरच्या कॅलेंडरवर वीज गेल्याची आणि आल्याची वेळ लिहायचीस, पेन्सिलने, रोज. दीड वर्षानंतर एका दुपारी तू कॅलेंडरची पानं आणि स्लाइडच्या तारखा शेजारी मांडल्यास आणि मला हाक मारलीस. "विलास, इकडे ये. लोडशेडिंग डावं-उजवं ठरवतंय बघ." अंडी ठेवल्याच्या पहिल्याच दिवशी अंड्यांच्या ज्या तुकड्या थंड पडल्या होत्या, त्यांच्यातल्या काही गर्भांचं हृदय डावीकडे वळलेलं होतं. तुझ्याकडे तशा नऊ स्लाइड होत्या. मी एकेक बघितली. तू म्हणालीस, "आपल्या पडक्या इन्क्युबेटरने काहीतरी सांगितलंय रे."

ते काय सांगत होतं ते सरांना लगेच कळलं असणार. त्यांच्या सगळ्या विद्यार्थ्यांचं काम त्याच इन्क्युबेटरमधलं. त्यांचे सगळे लेख त्याच अंड्यांवरचे. वीज गेल्याची नोंद त्यातल्या एकातही नव्हती. तुझं खरं ठरलं तर ते सगळेच संशयात येणार.

त्याच आठवड्यात रमेशचं लग्न होतं. तीन दिवस तू नव्हतीस. दोन अंडी काढायची वेळ झाली होती, ती मी काढली. कागदी रिंगवर उचललेला गर्भ बशीत पोट वर करून पडतो. स्लाइडवर घेताना तो पालटायचा असतो. तू ते इतकं सवयीने करायचीस की मला कधी वेगळं सांगितलंच नाहीस, आणि मी इतका आंधळा की रोज शेजारी उभा राहून ते पाहिलं नाही. मी पालटले नाहीत. पोट वर राहिलं आणि दोन्ही हृदयं डावीकडे दिसली. मला आनंद झाला, ताई. ताईला आणखी दोन सापडली! माझ्या अक्षरात लेबलं लावून मी त्या स्लाइड तुझ्या पेटीत शेवटच्या खाचांत ठेवून दिल्या. तुला सांगायचं राहून गेलं.

संशोधनाचा आढावा घेणाऱ्या समितीसमोर तू बोलायला उभी राहिलीस आणि सरांनी पेटीतून नेमक्या शेवटच्या दोन उचलल्या. मायक्रोस्कोपला डोळा लावला, स्क्रू फिरवला आणि मान वर केली.

"आधी हृदय दिसतंय. पोट वर आहे! बाई, गर्भाची पाठ कुठली आणि पोट कुठलं, एवढंही कळू नये?"

दुसरीही तशीच. लोक हसले. तू म्हणालीस, "सर, बाकीच्या नऊ बघा ना."

"दोन बघितल्या. बाकीच्यांत काय वेगळं असणार?" मग माझ्याकडे वळून म्हणाले, "विलास, कुणाच्या या?"

"ताईंच्या पेटीतल्या आहेत, सर."

माझं वाक्य खरं होतं. म्हणूनच ते इतकं सहज तोंडातून आलं. तू हात पुढे करून एक स्लाइड घेतलीस, लेबल वाचलंस, माझ्याकडे बघितलंस आणि पेटी बंद केलीस. एवढंच. मला वाटलं होतं तू ओरडशील.

सायकल स्टँडवर मी तुला गाठलं. "ताई, मी त्यांना सांगतो."

"कधी?"

"उद्या."

"उद्या तुझा इंटरव्ह्यू आहे. आधी तो दे."

मी तो दिला. समोर सरच बसले होते. महिन्याभरात मी त्याच कॉलेजात पर्मनंट झालो आणि पेढे घेऊन सरांच्या घरी गेलो. तुझ्या त्या एका वाक्यावर मी घर बांधलं, लग्न केलं, विभागप्रमुख झालो. का म्हणालीस तसं? कुणी मागितलं होतं तुझ्याकडून? मीच मागितलं होतं, मला माहीत आहे. "उद्या" म्हणालो तेव्हाच मागितलं होतं. तरी तुझा राग येतो. एकदा जरी तू माझ्या तोंडावर थुंकली असतीस तर मी सुटलो असतो. तू मला सुटू दिलं नाहीस. भेटलीस की विचारायचीस, "पोरं काय करतात? घशाचं बरं आहे का?"

सरांनी तुला नवा विषय घेऊन पुन्हा पहिल्यापासून सुरू करायला सांगितलं. तू नाही म्हणालीस. जाताना पेटी माझ्या टेबलावर ठेवलीस. त्या रविवारी दुपारी लॅबमध्ये कुणी नव्हतं. मी नऊच्या नऊ स्लाइड बघितल्या. काही अवघड नव्हतं ते. स्लाइडमधला गर्भ पातळ असला तरी त्याला जाडी असते. भिंग वरून खाली आणत गेलं की जी बाजू वर, ती आधी स्पष्ट होते. तुझ्या नऊही स्लाइडमध्ये आधी मज्जारज्जूची नळी आली, मग तिच्या खालून हृदय. पाठ वर होती. हृदय खरोखर डावीकडे होतं. चहा निवायच्या आत मला हे कळलं, आणि तो चहा मी प्यायलो. सरांना ते ठाऊक होतं का, कोण जाणे. न बघण्याची काळजी मात्र त्यांनी घेतली. मी तर बघून गप्प बसलो. दोघांत जास्त नीच कोण ते तू ठरव.

तू घरातल्या पुढच्या खोलीत बारावीचे क्लास घेतलेस. या शहरातले कितीतरी डॉक्टर तुझ्याकडून अंडं फोडायला शिकले. सगळे म्हणतात, बाईंचं आयुष्य सार्थकी लागलं. मला ते ऐकवत नाही. ज्या कामासाठी तुझे हात होते ते काम तुझ्याकडून काढून घेतलं, आणि मग तू जे काही केलंस त्याला सार्थक म्हणायचं? मी नाही म्हणणार.

तुझ्या दहाव्यानंतर कॉलेजने शोकसभा ठरवली. अध्यक्ष सर. त्यांचा मला फोन आला. "दोन शब्द बोलेन म्हणतो. गुणी पोर होती रे. जरा उतावळी." मी म्हणालो, "जरूर या, सर. मी गाडी पाठवतो." फोन ठेवला आणि कपाटातून पेटी काढली.

शोकसभेत असं करतात का, असं आता बरेच जण विचारताहेत. तुलाही आवडलं नसतं. पण तू जिवंत होतीस तोवर तुझ्या भल्या स्वभावाच्या आड मी लपत आलो. आता ती सोय राहिली नाही.

रविवारी हॉल भरला होता. पुढच्या रांगेत तुझ्या आई आणि रमेश. टेबलावर तुझा फोटो, आणि शेजारी विभागाचा कॅमेऱ्याचा मायक्रोस्कोप. स्लाइडमधलं जे दिसेल ते मागच्या पडद्यावर. लोकांना वाटलं, श्रद्धांजलीचाच काही प्रकार असेल. सर बोलले. "हात चांगला होता तिचा. निरीक्षणात घाई व्हायची. समितीपुढे एकदा उलट्या स्लाइड आणून फजिती झाली, लोक हसले, पण मी ते कधी मनात ठेवलं नाही."

मी उठलो. "सर, तिच्याच कामाची एक स्लाइड लावलीय. तुम्हीच दाखवा सगळ्यांना."

सर खूश झाले. चष्मा काढून बसले. त्यांच्या म्हाताऱ्या बोटांना स्क्रू बरोबर सापडला. मी म्हणालो, "अगदी वरून सुरुवात करा. सावकाश खाली या."

पडदा आधी नुसता गुलाबी. मग मधोमध एक रेघ ठळक होत गेली. रमेशने बसल्या जागेवरून विचारलं, "विलासभाऊ, ही शिवणीसारखी काय हाय?"

"मज्जारज्जू. पाठीतला."

सरांचा हात थांबला. मी म्हणालो, "अजून खाली, सर." रेघ पुसट झाली आणि तिच्या खालून ते फुगीर वळण वर आलं.

"आणि हे?"

"हृदय. डावीकडे वळलंय बघ. वळायला पाहिजे उजवीकडे."

रमेशने पडद्याकडे बोट केलं. तो रोज पहाटे मार्केटमध्ये फुलांचे क्रेट लावतो, गर्भ त्याने कधी बघितला नव्हता. "पाठ आधी दिसली. म्हणजे पाठ वर हाय. मग उलटं कुठंय? ताईचं तर बरोबर होतं." आणि सरांकडे वळून म्हणाला, "मग हसले का हो तिला?"

सर मायक्रोस्कोपवरून न उठता म्हणाले, "त्या दिवशीच्या दोन उलट्या होत्या. मी स्वतः बघितल्या होत्या."

"होत्या, सर. त्या माझ्या होत्या."

मी त्या दोनपैकी एकीचं लेबल पडद्यावर लावलं. माझं अक्षर विभागात सगळ्यांना ओळखू येतं. मी सांगितलं, की त्या मी केल्या, चुकून केल्या, आणि सरांनी कुणाच्या म्हणून विचारलं तेव्हा मी पेटीचं नाव सांगितलं. ताईने लॅब सोडल्यावर एका रविवारी बाकीच्या नऊ बघितल्या, आणि आजपर्यंत तोंड उघडलं नाही. एवढंच सांगायचं होतं. बोलायला दोन मिनिटंही लागली नाहीत.

तुझ्या आईंना नीट ऐकू येत नाही. त्यांनी रमेशला विचारलं, "काय म्हनतोय ह्यो?"

"म्हणतोय, चूक याची व्हती. ताईची नाय."

आई माझ्याकडे बघत राहिल्या. रमेशलाच म्हणाल्या, "आन् दर दिवाळीला आपल्या घरी फराळाला यायचा."

सर काठी शोधायला लागले. गाडी बोलवा, म्हणाले. प्राचार्यांनी मला हाताने आवरतं घ्यायची खूण केली. मी माइक सोडला नाही.

"बसा, सर. अजून आठ आहेत."

सरांनी रमेशकडे बघितलं. रमेश उठला, त्याने काठी उचलून भिंतीला लावली आणि खुर्ची सारखी करून दिली. "बसा हो," तो म्हणाला.

ते बसले. प्रत्येक स्लाइडवरचं तुझं अक्षर मी आधी मोठ्याने वाचलं. तारीख, तुकडी, वीज गेल्याची वेळ. मग स्लाइड लावली आणि त्यांनी स्क्रू फिरवला. आधी पाठ, मग हृदय. एकदा त्यांनी मान फिरवली तेव्हा मी थांबलो, आणि त्यांनी पुन्हा डोळा लावेपर्यंत थांबलो. प्राचार्य माझ्यासाठी खुर्ची घेऊन आले. मी बसलो नाही. तुझ्या आई पडद्याकडे बघत नव्हत्या, माझ्याकडे बघत होत्या, आणि नववी स्लाइड संपेपर्यंत मी त्यांच्यासमोर उभा होतो.